वेसनॉथमध्ये खिंड बांधताना : एका सिनॅरिओच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

‘बॅटल फॉर वेसनॉथ’ या पाळीपाळीने खेळायच्या संगणकीय युद्धखेळासाठी दोन सिनॅरिओंची, म्हणजे दोन लढायांची, छोटी मोहीम रचायला आज सुरुवात केली. हा खेळ डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केला आणि तो जीपीएल परवान्याखाली सर्वांना मोकळा आहे. त्यासाठी मोहीम लिहायला प्रोग्रामर असावे लागत नाही. नकाशा खेळातल्याच एडिटरमध्ये काढता येतो, आणि बाकीचे सारे डब्ल्यूएमएल नावाच्या टॅगांच्या भाषेत साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिता येते. मी १.१८ ही आवृत्ती वापरतो आहे. पुढे कोणी असेच काम हाती घेतले तर माझे वाया गेलेले तास त्याला वाचवता यावेत, एवढ्यासाठी या नोंदी ठेवतो आहे.

पहिल्या सिनॅरिओची कल्पना साधी आहे. रेवा नावाची लेफ्टनंट मूठभर भालाईत घेऊन एक खिंड अडवते, ऑर्क नावाचे राक्षसी शत्रू समोरून येतात, आणि ठरावीक टर्नांपर्यंत (टर्न म्हणजे दोन्ही बाजूंची एकेक पाळी) खिंड टिकली की मागून कुमक पोहोचते. ‘खिंड लढवणे’ हा शब्दप्रयोग ज्या भाषेत रोज वापरला जातो त्या भाषेतल्या माणसाला याहून वेगळे काही सुचले असते तरच नवल.

आज नकाशा काढला. शत्रूची गढी उत्तरेला, आमची दक्षिणेला, मधोमध चार घरे रुंदीची खिंड आणि दोन्ही बाजूंना डोंगर. ‘घर’ म्हणजे नकाशावरचा एक षट्कोन; पुढेही हाच शब्द वापरतो. वेळ : साडेतीन तास.

११ जानेवारी, शनिवार

संवाद लिहिले आणि सिनॅरिओ उघडलाच नाही. त्रुटीच्या संदेशात फाइलच्या अगदी शेवटची ओळ दाखवली जात होती, म्हणून मी दीड तास त्या शेवटच्या ओळीकडेच पाहत बसलो. चूक प्रत्यक्षात बरीच वर होती. रेवाच्या एका वाक्यात मी दुसऱ्याचे बोलणे दुहेरी अवतरणचिन्हांत घातले होते, आणि डब्ल्यूएमएलमध्ये मजकूरच दुहेरी अवतरणात असल्याने पहिले आतले चिन्ह येताच तो मजकूर संपला, असे खेळाने मानले. आतले प्रत्येक चिन्ह लागोपाठ दोनदा लिहावे लागते. मी सरळ एकेरी चिन्हे वापरली, कारण मराठीत ती वाईट दिसत नाहीत.

फाइल बदलल्यावर खेळ बंद करून पुन्हा सुरू करण्याची गरज नसते. पहिल्या पडद्यावर एफ५ दाबले की सारे नव्याने वाचले जाते. हे मला आठव्यांदा खेळ बंद केल्यावर कळले.

१२ जानेवारी, रविवार

भाच्याला पहिल्यांदा खेळायला बसवले. त्याने चौदा टर्न खिंड धरली, आणि चौदावा टर्न संपताच पडद्यावर ‘पराभव’ आला. तो माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता ती मी बराच काळ विसरणार नाही.

टर्नांची मर्यादा संपणे म्हणजे हार, हे वेसनॉथचे मूळ गृहीत आहे, कारण बहुतेक सिनॅरिओंत शत्रूचा म्होरक्या मारायचा असतो. टिकून राहण्याच्या सिनॅरिओत ‘टाइम ओव्हर’ नावाचा इव्हेंट (ठरावीक प्रसंगी काय व्हावे, ते सांगणारा मजकूर) आपण स्वतः लिहून त्यात विजय जाहीर करावा लागतो. उद्दिष्टांच्या खिडकीत ‘चौदा टर्न टिकून राहा’ असे मी मोठ्या अक्षरांत लिहिले होते, पण ती खिडकी केवळ पाटी आहे; तिच्यात लिहिलेले खेळ पाळत नाही.

दुसरी चूक अधिक करमणुकीची होती. खिंडीच्या मधल्या घरात कोणी पाऊल टाकले की ‘ही आपल्या गावाची शेवटची वाट आहे, इथून मागे हटायचे नाही’ असे ते युनिट म्हणते, असा ‘मूव्हटू’ इव्हेंट मी ठेवला होता. कोणत्या बाजूचे युनिट, हे लिहायचे राहिले. त्या घरात सर्वांत आधी शत्रूचा लांडग्यावर बसलेला गॉब्लिन पोहोचला आणि ते वाक्य त्याने म्हटले. फिल्टरमध्ये बाजू क्रमांक १ ही अट घातली.

१८ जानेवारी, शनिवार

मधल्या आठवड्यात भाचा तीनदा हरला आणि मी दोनदा. सिनॅरिओ कठीण आहे, तेव्हा सोने वाढवावे, असे मला वाटले. सुरुवातीचे १०० सोने १४० केले, मग १८०. या एका आकड्यामागे तीन संध्याकाळी गेल्या आणि हाती काही लागले नाही. का, ते आज कागदावर मांडले.

भालाईताची किंमत १४ आहे. १०० सोन्यात सात भालाईत येतात, १४० मध्ये दहा. प्रत्येक पहिल्या पातळीचे युनिट दर टर्नला एक सोने खाते, आणि ताब्यातले प्रत्येक गाव एका पातळीचा खर्च उचलून वर एक सोने देते. माझ्या बाजूला चार गावे आहेत आणि मूळ उत्पन्न दोन आहे. सात भालाईत असताना दर टर्नला तीन सोने हातात उरते. दहा असताना शून्य. खिंड चार घरांची, म्हणजे लढणार चारच. उरलेले मागे उभे राहून तिजोरी रिकामी करणार. सोने वाढवून मी फक्त मागची रांग लांब केली होती.

आकडा पुन्हा १०० वर आणला.

२६ जानेवारी, रविवार

आजची नोंद लांब आहे, कारण संपूर्ण कामातली मुख्य चूक आज सापडली, आणि ती मला नव्हे तर भाच्याला सापडली. सुट्टी असल्याने तो सकाळपासून खेळत होता. चौथ्या डावानंतर त्याने विचारले, “मामा, दर वेळी हेच दोघे का मरतात?”

डावीकडून दुसरा आणि चौथा. मी नशीब म्हणून सोडून दिले असते, पण चार डावांत चारही वेळा तेच दोघे, हे नशिबाचे काम नव्हे. नकाशा मोठा करून पाहिला.

वेसनॉथच्या घरांच्या वरच्या आणि खालच्या कडा सपाट असतात, त्यामुळे घरे उभ्या स्तंभात एकावर एक नीट बसतात, पण आडव्या ओळीत ती एक वर, एक खाली अशी नागमोडी होतात. माझी खिंड उत्तर-दक्षिण होती. म्हणजे ती अडवणारी रांग आडवी, आणि आडवी रांग म्हणजे नागमोडी रांग. जो भालाईत पुढे आलेल्या घरात उभा असतो त्याला समोरून तीन घरे भिडतात. जो मागे सरकलेल्या घरात असतो त्याला एकच. दुसरा आणि चौथा पुढे आलेल्या घरांत होते. त्यांतल्या चौथ्याची एक बाजू डोंगराने झाकलेली आहे, असे मी मानत होतो, पण त्या डोंगरावर ऑर्क चढून उभा राहू शकत होता.

आता आकडे पाहा. ऑर्किश ग्रंट या साध्या ऑर्क सैनिकाचा घाव ९ चा, दोनदा. ऑर्क केऑटिक (रात्री बळावणारे) असल्याने रात्री तो २५ टक्क्यांनी वाढून ११ होतो. खिंडीचा तळ मी सपाट गवताचा ठेवला होता, आणि सपाटीवर माणसाचा बचाव ४० टक्के, म्हणजे शत्रूचा घाव लागण्याची शक्यता ६० टक्के. दोन घाव, प्रत्येकी ११, साठ टक्के शक्यता : एका ग्रंटकडून सरासरी १३.२ इजा. तीन ग्रंटांकडून ३९.६. भालाईताची मूळ प्राणशक्ती ३६ आहे. म्हणजे पुढच्या घरातला माणूस रात्रीच्या एकाच टर्नमध्ये सरासरीनेच मरत होता, आणि मी त्याच्यामागे आणखी माणसे उभी करत होतो. त्याच्याकडून होणारा प्रतिकार यात धरलेला नाही, पण रात्री लॉफुल (दिवसा बळावणाऱ्या) भालाईताचा ७ चा घाव ५ वर येतो, त्यामुळे त्याने फार फरक पडत नाही.

उभ्या स्तंभात रांग लावली तर प्रत्येकाला समोरून दोनच घरे भिडतात. वेसनॉथ बराच खेळलेली माणसे रांग उभी किंवा तिरकी का लावतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. नकाशा काढताना मात्र ते आठवले नाही. खेळणाऱ्याने उत्तर-दक्षिण खिंडीतही तिरकी रांग लावावी, असे म्हणता येईल. पण चार घरांच्या खिंडीत नवखा माणूस भिंतीपासून भिंतीपर्यंत सरळ रांगच लावणार, आणि नकाशाच त्याला तसे करायला सांगत असेल तर दोष त्याचा नाही.

निर्णय : खिंड पूर्व-पश्चिम करायची आणि रांगेच्या जागी कॅसलची (तटबंदीची) घरे घालायची. तिथे माणसाचा बचाव ६० टक्के असतो. त्यामुळे रात्री एका ग्रंटकडून सरासरी ८.८, आणि दोघांकडून १७.६ इजा होईल. ३६ मधून १७.६ गेले तरी माणूस उभा राहतो, आणि पुढच्या टर्नला त्याला मागे घेऊन दुसरा पुढे करता येतो. मला हवी होती ती लढाई हीच.

२ फेब्रुवारी, रविवार

नकाशा पुन्हा काढला. आधीचा नकाशा फिरवून घेता येईल, या आशेवर तासभर घालवला. पण षट्कोनांची जाळी नव्वद अंशांत फिरवली तर ती जाळीच राहत नाही, हे कागद फिरवून पाहिले असते तरी कळले असते. हाताने नव्याने काढायला पाच तास लागले.

डोंगर म्हणजे भिंत नव्हे, हा दुसरा धडाही अमलात आणला. साध्या डोंगराला माणसाला तीन हालचाल-गुण लागतात, पण ऑर्काला दोनच, आणि वर त्याला ६० टक्के बचाव मिळतो. लांडग्यावरचे स्वार तर तो सहज ओलांडून मागची गावे घेत. खिंडीच्या दोन्ही बाजूंना आता अभेद्य डोंगर घातले आहेत. एडिटरमध्ये त्यांचे चित्र जवळपास साध्या डोंगरासारखेच दिसते, म्हणून निवडताना नाव वाचून घ्यावे. दक्षिणेला एका घराच्या रुंदीची पायवाट मुद्दाम मोकळी ठेवली.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन संध्याकाळी फुकट गेल्या. मी शत्रूच्या भरतीत बदल करत होतो आणि खेळात काहीच बदलत नव्हते. कारण असे की मी दर वेळी वेळ वाचवण्यासाठी तिसऱ्या टर्नचा साठवलेला डाव उघडत होतो. मध्येच साठवलेल्या डावात त्या सिनॅरिओचा नकाशा आणि इव्हेंट जसेच्या तसे गोठवलेले असतात; मूळ फाइल बदलली तरी तो डाव जुन्याच गोष्टी चालवतो. चाचणी करायची तर सिनॅरिओच्या आरंभापासून करावी. डीबग ही चाचणीची सोय चालू करून सोने वाढवणे किंवा पुढच्या सिनॅरिओवर उडी घेणे, एवढे घाईसाठी पुरेसे असते.

९ फेब्रुवारी, रविवार

नवी खिंड चांगली टिकते, पण सुरुवातीलाच फार मार बसतो. या वेळी सोन्याला हात न लावता टर्न मोजले.

वेसनॉथचा दिवस सहा टर्नांचा : पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्रीचा पहिला प्रहर, दुसरा प्रहर. शत्रूची गढी खिंडीपासून चौदा घरे दूर. ग्रंट एका टर्नमध्ये पाच घरे चालतो. पहिल्या टर्नला भरती, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला दहा, चौथ्याला भिडला. चौथा टर्न म्हणजे संध्याकाळ, आणि पाचवा-सहावा म्हणजे रात्र. ऑर्कांच्या ताज्या फौजेची पहिली धडक मी नेमकी त्यांच्या सर्वांत जोरदार वेळी आणून ठेवली होती.

काल यावर उपाय म्हणून शत्रूची गढी पंधरा घरे मागे नेली, म्हणजे ते पहाटे पोहोचतील. पोहोचले, पण एकेक करून. लांडगेस्वार आठ घरे चालतो, ग्रंट पाच, ट्रोल व्हेल्प चार. अंतर वाढल्यावर फौजेची माळ झाली आणि माझे चार भालाईत येणाऱ्याला एकेकाला गाठून मारू लागले. सिनॅरिओ इतका सोपा झाला की भाच्याने मध्येच फोन हातात घेतला.

आज कळले की सिनॅरिओच्या टॅगमध्ये ‘करंट टाइम’ अशी एक ओळ लिहिली की पहिला टर्न कोणत्या प्रहराला सुरू व्हावा, ते ठरवता येते. मोजणी शून्यापासून असते, तेव्हा ४ लिहिले की रात्रीचा पहिला प्रहर. गढी पुन्हा चौदा घरांवर आणली आणि ती ओळ घातली. आता ऑर्क चौथ्या टर्नला, सकाळी भिडतात. दोन टर्न उजेडाचे मिळतात, ज्यांत भालाईताचा घाव ७ वरून ९ होतो आणि ग्रंटचा ९ वरून ७. मग सहाव्या टर्नला संध्याकाळ, सातव्या-आठव्याला रात्र, नवव्याला पहाट. म्हणून मर्यादा चौदावरून दहा टर्नांवर आणली. दहावा टर्न सकाळचा, आणि कुमक सकाळी येते. एका ओळीचे काम होते, आणि मी त्यासाठी सहा तास नकाशा खणला.

रांगेच्या मागे व्हाइट मेज नावाचा एक जादूगार सुरुवातीपासून ठेवला. दर टर्नला तो शेजारच्यांची ८ प्राणशक्ती भरून काढतो, आणि उभ्या रांगेच्या मागे उभा राहिला की पुढचे दोन भालाईत त्याच्या शेजारी येतात. कोणते दोन, हे दर टर्नला ठरवावे लागते, आणि माझ्या मते सिनॅरिओतला खरा विचार तिथेच आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

रेवाचे चित्र एका कलाशाखेच्या विद्यार्थिनीकडून काढून घेतले. १,५०० रुपये दिले. चित्र उत्तम आहे, पण पार्श्वभूमी पारदर्शक हवी, हे सांगायला मी विसरलो आणि ते पांढऱ्या चौकटीसह आले. शिवाय परवान्याचे बोललो नव्हतो. वेसनॉथच्या अ‍ॅड-ऑन सर्व्हरवर जे चढवायचे ते जीपीएल किंवा सीसी बाय-एसए परवान्याखाली असावे लागते, म्हणजे ते चित्र पुढे कोणीही वापरू शकेल. पैसे दिल्यानंतर हे विचारणे मला अवघड गेले. तिने लेखी संमती दिली आणि पार्श्वभूमीही काढून दिली. हे काम देण्याआधीच सांगावे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी, म्हणून दिवसभर चाचण्या. आणखी दोन दोष सापडले.

पडलेल्या भालाईतांची संख्या शेवटी गावकऱ्यांच्या तोंडून सांगायची होती. सहा मेले तरी गावकरी ‘एक’ म्हणाले. ‘डाय’ इव्हेंट, आणि खरे तर कोणताही इव्हेंट, काही न सांगितल्यास एकदाच चालतो. ‘फर्स्ट टाइम ओन्ली’ला ‘नो’ लिहिल्यावर मोजणी बरोबर झाली.

दुसरा दोष, त्याला दोष म्हणावे की नाही हे ठरत नाही. भाच्याने सात भालाईतांऐवजी ६९ सोने घालून तीन हॉर्समन (घोडेस्वार) घेतले, उरलेल्यात दोन भालाईत, आणि ते तिघे दक्षिणेच्या पायवाटेने शत्रूच्या गढीवर गेले. ऑर्कांच्या म्होरक्याने सारी फौज खिंडीकडे पाठवली होती आणि तो एकटा होता. पाचव्या टर्नला, भर दुपारी, हॉर्समनचा चार्जचा (दुप्पट मार देणाऱ्या चढाईचा) घाव २२ चा होतो. म्होरक्या ऑर्किश वॉरिअर, त्याची प्राणशक्ती ५८. तिघांचे मिळून सहा घाव, त्यांतले तीन लागले की म्होरक्या संपला. कॅसलमध्ये प्रत्येक घाव लागण्याची शक्यता ४० टक्के. हे दर दोन डावांत जवळपास एकदा साधते. इकडे खिंडीत रेवा आणि दोन भालाईत कसेबसे उभे होते.

पायवाट बंद करावी, असे आधी मनात आले. पण हा धाडसी आणि खरोखर विचार करून केलेला डाव आहे, आणि तो फसला तर खिंड नक्की जाते, म्हणून ठेवला. फक्त ‘एनिमीज डिफिटेड’ इव्हेंट लिहून त्यात उरलेल्या टर्नांचे बक्षीस बंद केले, नाहीतर पुढच्या सिनॅरिओत तो सोन्याच्या राशीवर बसून आला असता. त्याच हिशेबात दिसले की काही न लिहिल्यास उरलेल्या सोन्यातले ८० टक्के पुढे जाते; ते ४० केले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुसरा सिनॅरिओ जोडला. रेवा पहिल्या सिनॅरिओत जनरल झाली होती, ती दुसऱ्यात पुन्हा लेफ्टनंट म्हणून आली. जुने भालाईत बोलवायला गेलो तर यादी रिकामी, आणि सोनेही मूळ आकड्यावर. त्रुटीचा संदेश कुठेच नव्हता.

नावाच्या आयडीत फरक होता. आयडी रोमन अक्षरांत लिहिली होती, आणि एका फाइलमध्ये मी ‘रेवा’च्या शेवटी एक ए लिहिला होता, दुसऱ्यात दोन. मराठी नावे रोमनमध्ये लिहिणाऱ्याला हे रोज होते, पण खेळाच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसे आहेत, आणि बाजूचे सोने व यादीही म्होरक्याच्या आयडीवरूनच पुढे जाते. आता प्रत्येक आयडी एकाच जागी मॅक्रो (एकदा लिहून पुढे नावाने वापरता येणारा मजकूर) म्हणून लिहिली आहे आणि बाकी सगळीकडे मॅक्रो वापरला आहे. मॅक्रोचे नाव चुकले तर खेळ निदान ओरडतो.

१ मार्च, शनिवार

पहिला सिनॅरिओ पूर्ण. पाच मित्रांना झिप फाइल पाठवली; ती अ‍ॅड-ऑनच्या फोल्डरमध्ये उलगडायची, एवढेच करावे लागते. सर्व्हरवर दुसरा सिनॅरिओ झाल्यावर चढवीन.

एकूण ५८ तास, त्यांतले सुमारे वीस वर लिहिलेल्या चुकांत. खर्च १,५०० रुपये. संवाद लिहायला मोजून चार तास लागले, आणि मित्रांपैकी दोघांनी ते न वाचता पुढे ढकलले, असे त्यांनीच सांगितले.

भाच्याने आज मधल्या कठीणपणावर पुन्हा खेळून दहा टर्न खिंड धरली. पहाटेला रांगेत दोघेच उरले होते. या वेळी पहिला आणि तिसरा मेले.